आजोबांच्या पेटीत निघालेल्या रिकाम्या पुंगळ्या भंगारात द्याव्यात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिंतूरकडच्या जुन्या वाड्याची आवराआवर करताना आजोबांची पत्र्याची पेटी निघाली. त्यात बाराबोरच्या शंभर-दीडशे रिकाम्या पुंगळ्या (उडालेल्या काडतुसांची कवचं) आणि थोड्या लांब पितळी पुंगळ्या आहेत. आजोबांच्या नावावर पीक संरक्षणासाठीच्या बंदुकीचा परवाना होता, ते वारले. आता हे भंगारवाल्याला द्यावं, नदीत सोडावं की पुरून टाकावं?

यातलं काहीच आज करू नका. नोकरीची बरीच वर्षं मी पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मोरर, म्हणजे हत्यारांची देखभाल करणारा, होतो, आता निवृत्त होऊन परभणीत असतो. त्यामुळे भंगाराचा भाव नंतर सांगतो, आधी पेटीचं बघू.

‘रिकाम्या’ असं तुम्ही लिहिलंय, पण सगळ्या रिकाम्या आहेत हे कुणी पाहिलं? जुन्या पेटीत शंभर रिकाम्यांत दोन-चार भरलेली काडतुसं मिसळलेली असणं ही नेहमीची गोष्ट आहे. घरातल्या लेकरांना लांब करा आणि पेटी जिथं आहे तिथंच, उजेडात, नुसती बघा. बाराबोरची उडालेली पुंगळी समोरून उघडी असते, आत बोट जाईल अशी. भरलेल्याचं तोंड बंद असतं. प्लास्टिकच्या काडतुसाचं तोंड चुण्या घालून दुमडलेलं असतं, जुन्या कागदी काडतुसावर पुठ्ठ्याची गोल चकती असते आणि तिच्यावर बहुतेक वेळा ‘एलजी’, ‘एसजी’, ‘बीबी’ किंवा छऱ्याचा नंबर छापलेला असतो. अशी चकती दिसली की ते काडतूस जिवंत समजायचं. कागदी काडतूस ओलीनं फुगलेलं असेल, बुरसटलेलं असेल, तरी जिवंतच समजायचं.

आता यातली खरी मेख. बऱ्याच लोकांना वाटतं की बुडाच्या कॅपवर (पिन लागली की ठिणगी पाडते ती छोटी वाटी) खड्डा पडलेला असला म्हणजे गोळी उडाली. नाही. घोडा पडला, पिन लागली, कॅपवर खड्डा पडला आणि काडतूस उडालंच नाही, असंही होतं. मिसफायर म्हणतात त्याला. शेतात रात्री डुकरामागं धावताना असं काडतूस काढून खिशात टाकलं जातं आणि घरी आल्यावर रिकाम्यांच्या ढिगात पडतं. खड्डा आहे पण तोंड बंद आहे, असा नग दिसला तर तो सगळ्यात बेभरवशाचा. त्याला हात लावू नका, पक्कड लावून उघडू नका, पाण्यात भिजवून ‘मारायचा’ प्रयत्न करू नका. पाण्यानं काडतूस मरेलच असं नाही. आणि चुलीत टाकण्याची कल्पना कुणी दिली असेल तर त्याला आधी घराबाहेर काढा. बंदुकीबाहेर फुटलेलं काडतूस गोळीसारखं सरळ जात नाही, पण पितळेचे तुकडे डोळ्यात जायला नळी लागत नाही.

लांब पितळी पुंगळ्यांचं वेगळं. त्या रायफलच्या असणार. बाराबोरच्या परवान्यावर रायफलचं काडतूस येत नाही, आणि .३०३ (लष्कर-पोलिसांची जुनी रायफल) असेल तर ते साध्या नागरिकाला परवान्यावर मिळतच नाही, तो प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं माप, आहे. घाबरू नका, याचा अर्थ आजोबांनी काही भानगड केली असा नाही. आपल्याकडं अशा पुंगळ्या गावोगाव निघतात. फायरिंग रेंजच्या आसपासची गुराखी पोरं बटाच्या (निशाणामागच्या ढिगाच्या) मातीतून शिसं आणि गोळ्या झाडायच्या जागेवरून पितळ वेचायची, ते घरोघर पोचलंय. त्याहून जुन्या असतील तर त्या रझाकारांच्या आणि पोलीस ॲक्शनच्या काळातल्याही असू शकतात. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची ती धामधूम मराठवाड्यातल्या कितीतरी वाड्यांत काही ना काही ठेवून गेली आहे. तोंड उघडं असलेल्या पुंगळीचं बूड पुसून भिंगातून बघा. ‘के एफ’ अशी इंग्रजी अक्षरं दिसली तर माल खडकीच्या दारूगोळा कारखान्यातला. तो कारखाना १८६९ पासूनचा आहे. अक्षरांसोबत बहुतेक वेळा सालाचे आकडेही असतात. तेवढ्यावरून पेटी कुठल्या काळातली याचा अंदाज येतो, आणि ठाण्यात सांगायलाही बरं पडतं.

कायद्याचं सांगतो, पण मी वकील नाही, नोकरीत जे कळलं तेवढंच. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये ‘दारूगोळा’ याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भागही येतात. म्हणजे कागदावर रिकामी पुंगळीसुद्धा त्यात ओढता येते. पण त्याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे: किरकोळ सुटा भाग, जो बाकीच्या भागांना जोडून वापरायचा इरादा नाही, तो बाळगला तर कायदा लागू होत नाही. शिवाय गुणवंतलाल खटल्यात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की ताबा म्हणजे माहीत असलेला ताबा. कुणाच्या नकळत घरात पडून असलेल्या वस्तूवरून तो गुन्हेगार होत नाही. अडचण एवढीच की आता तुम्हाला माहीत आहे, आणि इथं विचारल्यामुळं आम्हा सगळ्यांनाही.

भरलेलं काडतूस मात्र परवान्याशिवाय बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. म्हणून ‘बघू पुढच्या दिवाळीला’ असं करू नका.

आणि बंदूक कुठं आहे? तुमच्या प्रश्नात तिचं नावच नाही. परवानाधारक वारला की कलम २१ प्रमाणं वारसानं हत्यार आणि काडतुसं विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं जमा करायची असतात. नंतर वारसाच्या नावानं परवाना मागता येतो, किंवा परवाना असलेल्या माणसाला रीतसर विकता येते. आजोबांच्या हयातीतच ती जमा झाली असेल तर त्याची पावती शोधा. माळ्यावर असेल तर पुंगळ्यांचा प्रश्न दुय्यम आहे, आधी तिचं बघा. मराठवाड्यात या बाबतीत वातावरण चांगलंच तापलं होतं. बीडमध्ये २०२५ च्या सुरुवातीला परवान्यांची छाननी निघाली आणि कितीतरी रद्द झाले.

ठाण्यात जाताना पेटी घेऊन एसटीत बसू नका. अर्ज घेऊन जा, दोन प्रतींत. वाडा आवरताना अमुक तारखेला पेटी सापडली, आजोबांचं नाव, परवान्याचा नंबर, मृत्यूचा दाखला जोडलाय, पेटीत अंदाजे काय आहे, आणि पोलिसांनी येऊन पाहावं ही विनंती. एवढं पुरे. परवान्याचं पुस्तक असेल तर न्या, काडतुसं घेतल्याच्या नोंदी त्यात असतात. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही, म्हणजे पोच, घेतल्याशिवाय उठायचं नाही. ठाणे अंमलदार ‘ठीक आहे, सांगतो साहेबांना’ म्हणेल, तरी बसून राहायचं. भरलेलं काही असेल तर ते पंचनामा करून नेतील. उडालेल्या बाराबोरच्या पुंगळ्यांबद्दल बहुतेक ठिकाणी ‘याचं आम्ही काय करू’ असंच ऐकायला मिळेल. तेव्हा तेवढंच अर्जावर लिहून मागा. ते लिहून दिलं की मग भंगाराचं बोलू.

पोलीस इतके काटेकोर का, असं वाटत असेल तर रेंजवरची गोष्ट ऐका. सरावाच्या दिवशी प्रत्येक जवानाला मोजून राऊंड मिळतात आणि संध्याकाळी तेवढ्याच ‘एम्टी’ मोजून परत द्याव्या लागतात. .३०३ होती तोवर सोपं होतं. बोल्ट ओढला की पुंगळी कोपरापाशी पडायची. एसएलआर (आपोआप भरणारी रायफल) आली आणि पुंगळ्या उजवीकडं लांब उडायला लागल्या. त्यात आपली काळी माती. पावसाळ्यानंतर जमीन ओली असेल आणि उडालेल्या पुंगळीवर कुणाचा बूट पडला की ती गेलीच आत. मग उन्हं उतरेस्तोवर पन्नास माणसं ओळीनं वाकून मातीत बोटं घालताहेत, कुणी गवत उपटतंय, कुणी चाळणीनं माती चाळतंय, आणि एका पोत्यावर बसलेला हवालदार पाच-पाचचे गठ्ठे लावून मोजतोय. हिशेब जुळल्याशिवाय गाडी सुटत नसे. पुंगळी गेली म्हणजे राऊंड गेला असं धरतात, कारण राऊंड उडाला याचा पुरावा ती पुंगळीच. आणि तिच्या बुडावर पिनचा, बोल्टच्या तोंडाचा ठसा असतो. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तो जुळवून कुठल्या बंदुकीतून उडाली ते सांगता येतं.

म्हणूनच नदीत टाकू नका म्हणतोय. पूर्णेच्या पात्रात उन्हाळ्यात वाळू काढताना कुणाला चाळीस पुंगळ्या सापडल्या तर काय होईल? ठाणं, पंचनामा, पेपरात बातमी, आणि गावभर तर्क.

आता पैशाचं. रायफलची पुंगळी म्हणजे चांगलं पितळ, साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. .३०३ किंवा एसएलआरची एक पुंगळी अकरा-बारा ग्रॅमची, म्हणजे किलोत ऐंशी-नव्वद बसतात. पिस्तुलाच्या नऊ एमएमच्या घेतल्या तर अडीचशेच्या आसपास. पण तुमच्याकडं जास्त भरणा बाराबोरचा आहे. तिचं अंग प्लास्टिकचं नाहीतर पुठ्ठ्याचं, पितळ फक्त बुडाच्या टोपीत, तेही काही ग्रॅम. कित्येकांत तेही नसतं, लोखंडावर पितळी मुलामा असतो. चुंबक लावा, चिकटलं तर लोखंड. पितळाच्या भंगाराला सध्या किलोमागं चार-पाचशेच्या घरात मिळतात असं धरलं तरी सगळ्या पेटीचे हजार रुपये होतील की नाही शंका आहे. त्यासाठी पुठ्ठा कापत, प्लास्टिक सोलत बसायचं असेल तर तुमची मर्जी.

जालन्यात विचारलं तर तिथल्या भट्ट्या लोखंडाच्या, सळया पाडणाऱ्या. पितळ त्यांच्या कामाचं नाही. ते व्यापाऱ्यामार्फत जामनगरसारख्या ठिकाणी ओतकामाला जातं. भंगाराच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारात या मालाला वेगळी नावंसुद्धा आहेत: उडालेल्या स्वच्छ पितळी पुंगळ्यांना ‘लेक’, आणि कॅप राहिली असली तर तीही उडून जावी म्हणून भट्टीत भाजून काढलेल्यांना ‘लॅम्ब’. हा भाजण्याचा खटाटोप उगाच नाही. २००४ मध्ये गाझियाबादजवळ साहिबाबादच्या एका पोलाद कारखान्यात आयात भंगारातून आलेला जिवंत दारूगोळा फुटला आणि कामगार मेले. त्यानंतर परदेशी भंगारावर तपासणी कडक झाली. बाहेरून येणाऱ्या सुट्या लोखंडी भंगाराबरोबर आता त्यात दारूगोळा नाही असा तपासणीचा दाखला लागतो. तुमच्या गल्लीतल्या गाड्यावाल्याकडं असा कुठला दाखला? तो पोतं उचलतो, पुढं देतो. त्या पोत्यातला एक मिसफायर कुणाच्या तरी भट्टीत जाणार. तिथं उभा असलेला माणूस तुम्हाला कधी दिसणार नाही एवढंच.

म्हणून विकायचंच तर ठाण्याचा कागद हातात आल्यावर, प्रत्येक पुंगळी एकेक करून बघून आणि हातोडीनं तोंड चेपून विका. कॅपवर मात्र हातोडी मारू नका. चेपायचं कारण दुसरंही आहे: धड पुंगळी पुन्हा भरता येते आणि विनापरवाना काडतुसं भरणारे लोक आहेत. एखादा ‘चेपू नका, अशाच द्या, जास्त देतो’ म्हणाला तर त्याला देऊ नका आणि ठाण्यात कळवा.

हाताळताना एक काळजी. कॅपमध्ये शिशाचं संयुग असतं, छरेही शिशाचेच. पुंगळीच्या आतली काळी राख म्हणजे तेच सगळं. खेड्यात लेकरं रायफलच्या पुंगळीवर ओठ टेकवून शिट्टी वाजवतात, छान वाजते, पण ते बंद करा. हातमोजे घाला, नंतर साबणानं हात धुवा, पेटी झाडताना ओलं फडकं वापरा म्हणजे धूळ उडणार नाही.

आजोबांची आठवण म्हणून एखादी ठेवायची असेल तर ठाण्यात दाखवून झाल्यावर, कॅप काढून आणि अंगाला आरपार भोक पाडून ठेवा. हे काम शस्त्रविक्रेत्याकडून करून घ्या, घरी ड्रिल लावू नका. मात्र तिची की-चेन करून चिकलठाण्याच्या किंवा नांदेडच्या विमानतळावर नेऊ नका. स्कॅनरमध्ये ती गोळीच दिसते. मग विमान पुढं आणि तुम्ही मागं जबाब देत बसाल.

अर्ज घेऊन जाताना गावचा बाजाराचा दिवस टाळा. आणि बंदुकीचं काय निघालं ते इथं लिहा, वारसाच्या अर्जाला काय काय लागतं ते सांगतो.