इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये चार दिवस आहे, तळ्यांच्या बाजूने ट्रेल रनिंगसाठी कोणते रूट घेऊ?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मुंबईत रोडवर हाफ मॅरेथॉन दोन तासांत करता, जूनमध्ये केसविकला चार दिवस मुक्काम आहे आणि "चढावर चालायला न लागता पूर्ण पळता येतील" असेच रूट हवेत. रूट सांगते, पण ते शेवटचं वाक्य वाचून मला गप्प बसवेना, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आधी तुम्हाला हवे ते सपाट रूट सांगून टाकते. केसविकच्या दारातच डरवेंटवॉटर आहे, त्याची पूर्ण फेरी साधारण 16 किलोमीटर, पश्चिमेला झाडी, दक्षिण टोकाला दलदल आहे तिथे लाकडी फळ्यांची वाट केलीय, सगळं आरामात पळता येतं. बटरमिअरची फेरी 7 किलोमीटरच्या आसपास, एका ठिकाणी खडकातून काढलेला छोटा बोगदा लागतो. तिसरा अल्सवॉटर, ग्लेनरिडिंगहून बोटीने हाऊटाऊनला जायचं आणि काठाकाठाने पळत परत यायचं, दहा-अकरा किलोमीटर, वाट सतत वरखाली होते आणि दगडमुळं बरीच आहेत. पळण्यासाठी मला या तिन्हींत हा सगळ्यात आवडला.

आता चौथ्या दिवसाचं. ही तळी हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांमध्ये साचलेली आहेत, म्हणून ती लांबट, अरुंद आणि दोन्ही बाजूंनी भिंतीसारखे डोंगर. काठाने पळाल तोवर सपाट, पण एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जायचं म्हटलं की मधली खिंड चढावीच लागते. तिथे न चालता पळायचा हट्ट धरलात तर माझं झालं तेच तुमचं होईल.

मी मुलुंडची. आमच्या रनिंग ग्रुपच्या सरांचा एकच नियम होता, चाललात की रन बाद. रोडवर मला तो पटायचा, अजूनही पटतो. पण एका पावसाळ्यात आम्ही कर्जतला उतरून कोंदिवड्याच्या बाजूने राजमाचीला गेलो, कोंढाणे लेण्यांच्या पुढे वाट अशी उभी होते की पायाखालचा दगड आणि डोळ्यासमोरचा दगड यात फार अंतर राहत नाही, तिथे मी चालायला लागले. सरांनी सगळ्यांसमोर, पंधरावीस माणसं होती, जोरात विचारलं, "चालायचंच होतं तर इतक्या लांब कशाला आलात मॅडम, बागेत फेऱ्या मारायच्या." मी काहीच बोलले नाही. तशीच उधेवाडीपर्यंत पळत गेले, वर पोचून ओकले आणि उतरताना दोन्ही पाय असे थरथरत होते की निम्मी वाट बसून बसून उतरले. एवढं होऊनही मला वाटत राहिलं की चूक माझीच, स्टॅमिना कमी पडला.

त्यानंतर दोन वर्षांनी सप्टेंबरमध्ये नणंदेकडे प्रेस्टनला गेले होते, तेव्हा तीन दिवस केसविकला एकटीच राहिले. पहिल्याच दिवशी बोटीने हॉज एंडच्या धक्क्यावर उतरून कॅटबेल्स घेतला. उंची फक्त 451 मीटर. मी मनात म्हटलं, हा तर पळतच चढायचा. शेवटच्या टप्प्यात हात टेकवावे लागतात तेवढंच, बाकी जवळजवळ पूर्ण पळले, म्हणजे पळल्यासारखं काहीतरी केलं. आणि मला मागे टाकून कोण गेलं माहितीये? सत्तरीचे एक आजोबा. चालत.

ते कसे चालत होते ते नीट सांगते, कारण तुम्हाला तेच शिकायचंय. कमरेतून थोडे वाकलेले, दोन्ही तळवे गुडघ्याच्या जरा वर मांडीवर, आणि प्रत्येक पावलाला त्या बाजूचा हात मांडी खाली दाबत होता, जसं आपण जड हापसा मारताना अंग टाकतो तसं. पावलं लहान, टाच जिथे टेकेल तिथे टेकवायची, श्वास एका लयीत. बुटांच्या तळाला जाड रबरी खुंट्या होत्या आणि त्यात काळा चिखल बसलेला. कुठेही थांबत नव्हते. माझ्या बाजूने जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "चाला, बाई, चाला. पाय खाली उतरायला ठेवा." आणि गेले पुढे. मी माथ्यावर पोचले तेव्हा ते समोरच्या हॉज गेट खिंडीच्या उतारावरून असे सुटले होते, हात बाजूला पसरून, की मी बघतच राहिले.

मी मात्र हट्टाने तसंच केलं. पुढे मेडन मूर, मग हाय स्पाय, ही धार खरोखर पळण्यासारखी आहे, डावीकडे खाली बॉरोडेल, उजवीकडे न्यूलँड्स, पण माझ्या पोटऱ्या तोवर दगड झाल्या होत्या. डेलहेड टार्नला उतरले (टार्न म्हणजे डोंगरातलं लहान तळं), तिथून खाली रोझथ्वेटला जाताना रिगहेडच्या जुन्या पाटीच्या दगडाच्या खाणी लागतात. लहानपणी शाळेत लिहायला असायची ना, त्याच पाटीचा दगड. पातळ पातळ कपच्यांचा ढीग, पावसाने ओला, बुटाखाली कपावर कप सरकवावा तसा सरकतो. एरवी सावरलं असतं, पण मांडीत ताकदच शिल्लक नव्हती. पडले. उजवा गुडघा फाटला, तळहातात दगडाचे बारीक तुकडे घुसले. रोझथ्वेटला 78 नंबरच्या बसची वाट बघत बसले होते तेव्हा रक्त मोज्यापर्यंत आलं होतं.

एक दिवस आराम केला आणि तिसऱ्या दिवशी पट्टी बांधून तोच रूट परत घेतला. या वेळी प्रत्येक उभा चढ चालत, हात मांडीवर, लाज न बाळगता. रोझथ्वेटला पहिल्या दिवसापेक्षा 22 मिनिटं आधी पोचले, आणि त्या कपच्यांवरून पळत उतरले. त्या दिवशी मी उतारावर मोठ्याने ओरडत होते, आनंदाने. आजूबाजूला फक्त मेंढ्या होत्या.

परत आल्यावर सरांना सांगितलं, तर म्हणाले, इंग्लंडात डोंगर कुठेत, त्यांचा सगळ्यात उंच स्काफेल पाइक 978 मीटर, आपलं कळसूबाई 1646. हे मला तेव्हा नीट खोडून काढता आलं नाही, ते आज काढते. वॉझडेल हेड जवळजवळ समुद्रसपाटीला आहे, तिथून स्काफेल पाइकला साधारण 900 मीटर चढावं लागतं, आणि बारी गावातून कळसूबाईलाही जवळपास तेवढंच. उंची पाटीवर लिहिलेली असते, पायांना चढ लागतो. याच भागात 1932 साली बॉब ग्रॅहम नावाच्या केसविकच्या गेस्टहाउसवाल्याने 24 तासांच्या आत 42 शिखरं केली, अंदाजे 106 किलोमीटर आणि सगळा चढ मिळून 8,000 मीटरच्या वर. आजही लोक केसविकच्या मूट हॉलपासून तीच फेरी सुरू करतात आणि तिथेच संपवतात. वॉझडेलचा मेंढपाळ जॉस नेलर, त्याने 1975 मध्ये 24 तासांच्या आत 72 शिखरं केली. तिथे फेल रनिंग म्हणतात याला (फेल म्हणजे तिथल्या बोलीत डोंगर), आणि उभ्या चढावर चालणं हा त्या खेळाचा भागच आहे. चालल्यामुळे कोणी बाद होत नाही.

तर तुमच्यासाठी. चौथ्या दिवशी कॅटबेल्स ते रोझथ्वेट घ्या, दहाएक किलोमीटर आहे. तोपर्यंत मुंबईत उतरायची प्रॅक्टिस करा. मी बिल्डिंगमध्ये लिफ्टने वर जाते आणि बावीस मजले जिन्याने उतरते, पाच वेळा, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन झेलतो आणि रोडवर ती सवय होतच नाही. जमलं तर येऊरला किंवा खारघरच्या टेकडीवर जा, पहिला पाऊस पडल्यावर गेलात तर उत्तमच, ओल्या दगडावर पाय कसा टाकायचा ते तिथे कळेल. रोडचे बूट नेऊ नका.

हे आधी लिहायला हवं होतं, पण आता लिहिते. वॉटरप्रूफ जॅकेट जूनमध्येही लागतं. बॉरोडेलमधलं सीथवेट हे इंग्लंडमधल्या सगळ्यात जास्त पावसाच्या वस्त्यांपैकी एक, आणि वर धारेवर ढग आला की दहा मिनिटांत समोरची वाट दिसेनाशी होते. कागदी नकाशा, होकायंत्र, शिट्टी घ्या आणि ती वापरायला शिका, दरीत फोनला रेंज नसते. तिथले माउंटन रेस्क्यूवाले सगळे स्वयंसेवक आहेत, पैसे घेत नाहीत, म्हणून विनाकारण त्यांच्यावर वेळ आणू नका. हेल्वेलिन डोंगराची स्ट्रायडिंग एज ही अरुंद धार वारा असेल तर अजिबात नको, पहिल्याच खेपेला तर नकोच. कुंपणाची फाटकं उघडलीत तर लावून घ्या, मेंढ्या असतात. आणि गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर खाणीच्या वाटेने न उतरता हॉज गेटवरूनच खाली तळ्याकडे उतरा, पुढे काठाने केसविक.

सर हे वाचतात की नाही माहीत नाही, ग्रुप सोडून मला चार वर्षं झाली. वाचत असतील तर, त्या दिवशी कोंढाण्याच्या वर मी चालले ते बरोबर होतं, आणि तुमच्या बोलण्यावर परत पळायला लागले ते चुकलं.