सर, साइटवर असं कोण करतं?

प्रश्न : सर नमस्कार, मी इचलकरंजीचा, वय ३३, आयटीआय इलेक्ट्रिशियन, बारा वर्षं साइटवर काम केलंय. दिवाळीपासून एका संस्थेत रोज संध्याकाळी ७ ते ९ वायरमनची बॅच घेतो, तासिका तत्त्वावर. १९ जण आहेत, सगळे कामधंद्यावाले, कोण रिक्षा चालवतं कोण यंत्रमागावर, दोन ताईपण आहेत. ओहमचा नियम लिहिला की निम्मा वर्ग जांभया देतो. त्यात एक काका, पंचावन्नच्या पुढचे, पंचवीस वर्षं गावात वायरिंग करतात, फक्त सर्टिफिकेटसाठी आलेत. मी काही सांगितलं की "सर, पुस्तकात ठीकाय, साइटवर असं कोण करतं" आणि सगळे हसतात. परवा म्हणाले, थ्री पिनची अर्थची पिन जमिनीत जाणाऱ्या तारेऐवजी न्यूट्रललाच, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेलाच, जोडली की झालं, शेकडो घरांत केलंय, कोण मेलं नाही. मला तिथल्या तिथं उत्तर सुचलं नाही. सोडून देऊ का?

उत्तर : सोडू नका. जांभयांचं तर अजिबात मनावर घेऊ नका, दिवसभर मागावर उभा राहिलेला माणूस सात वाजता बाकावर टेकला की जांभई येणारच, तिथं तुम्ही काय आणि मी काय. पहिला अर्धा तास फळ्याकडे जाऊच नका. पक्कड द्या, वायर द्या, उभं राहून टी जॉइंट, म्हणजे चालू वायरीतून दुसरी फांदी काढायचा जोड, मारू देत. करंटचं गणित आणि ओहमचा नियम नंतर, तेही भंगारातून एखादा जळून काळा पडलेला ६ अँपिअरचा सॉकेट आणा आणि हातोहात फिरवा. मग विचारा, २००० वॅटचा गीझर, २३० व्होल्ट, करंट किती? वॅट भागिले व्होल्ट, भागाकार तेच करतील, साधारण ८.७ अँपिअर येतो, म्हणजे सहाच्या सॉकेटला जास्तच, आणि कोणीतरी नक्की म्हणणार की सर आमच्या बाथरूममध्ये असाच लावलाय. तिथून पुढं वर्ग आपोआप चालतो.

आता काका. आधी माझी एक चूक सांगतो. मी २६ वर्षांचा असताना संध्याकाळच्या बॅचला असेच एक जण होते, सारखं मध्ये बोलायचे, एकदा चिडून मी त्यांना फळ्याजवळ बोलावलं आणि म्हटलं ही डायग्राम समजावून सांगा सगळ्यांना. ते गप्प उभे राहिले आणि दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत. नंतर कळलं की त्यांना वाचता येत नव्हतं. मोठ्या माणसाला काम अवघड असल्याची भीती नसते हो, आपल्याला येत नाही हे चारचौघांत दिसायची असते, आणि ती झाकायला तो जास्त बोलतो. तुमचे काका तसेच आहेत असं नाही म्हणत, पण डायग्राम येते का हे एकट्याला चहाच्या टपरीवर विचारा, वर्गात नको. रंगीत खडू वापरा, लाल फेज म्हणजे करंट आणणारी तार, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ, अक्षर न वाचताही निम्मं कळतं.

पण न्यूट्रलच्या बाबतीत काका चूक आहेत आणि ते दाखवलंच पाहिजे. वाद घालू नका, बोर्ड करा. आधी हेही मान्य करा की कोण मेलं नाही हे खरं असेल, कारण न्यूट्रल शाबूत आहे तोवर काही कळतच नाही. मग लाकडी फळीवर थ्री पिन सॉकेट बसवा, अर्थची पिन काकांच्या पद्धतीनं न्यूट्रलला जोडा, त्यावर इस्त्री लावा, आणि इस्त्रीच्या बॉडीपासून खऱ्या अर्थिंगपर्यंत ४० वॅटचा बल्ब. बल्ब बंदच राहील. आता मेन बंद करून सॉकेटच्या आधी न्यूट्रल काढा, सगळ्यांना लांब उभं करा, मेन चालू करा. इस्त्री थंड आणि बल्ब भक्क पेटलेला! म्हणजे फेज इस्त्रीच्या कॉइलमधून बॉडीवर आली. बल्बच्या जागी कोणाचा हात असता हे तुम्ही बोलायची गरज नाही, ते काकाच बोलतील. मग तोच बोर्ड ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागं, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की लाइन तोडणाऱ्या स्विचमागं लावा, न्यूट्रल आरसीसीबी आणि सॉकेटच्या मध्ये तोडा, खट्कन ट्रिप होतो. एमसीबी, म्हणजे जास्त करंटला पडणारा स्विच, वायर वाचवतो, माणूस वाचवायला आरसीसीबी लागतो, हे त्याच दिवशी सांगून टाका. जोडणी मात्र फक्त तुम्ही करायची, आणि मेन बंद असतानाच.

दुसऱ्या दिवशी बोर्डात मुद्दाम फॉल्ट करून ठेवा आणि सिरीज लॅम्प, म्हणजे लाइनमध्ये बल्ब घालून फॉल्ट शोधायचं साधन, काकांच्या हातात द्या. तुमच्या आधी शोधतील, शोधू देत, वर "कसं ओळखलं ते सांगा" म्हणा. एकाच बाबतीत कोणाचं ऐकायचं नाही, चालू लाइनवर हात नाही म्हणजे नाही, मग काका असोत की संस्थेचे अध्यक्ष.

आणि त्या दोन ताईंकडे लक्ष ठेवा. बहुतेक वर्गात पुरुष हत्यारं घेतात आणि बायकांना वही लिहायला बसवतात, "तुमचं अक्षर चांगलंय" म्हणून. ड्रिल त्यांच्या हातात जाऊ द्या.

तासिकेच्या हजेरीवर रोजच्या रोज सही घ्या, महिन्याशेवटी आठवणीवर हिशोब होत नसतो.

प्रश्न : डिप्लोमा इलेक्ट्रिकल झालाय, शिकवायची आवड आहे, सीआयटीएस, म्हणजे आयटीआयच्या शिक्षकांचा ट्रेनिंग कोर्स, करावं का?

उत्तर : सरकारी आयटीआयमध्ये निदेशक व्हायचं डोक्यात असेल तर करा. एक वर्षाचा कोर्स आहे, त्यात ट्रेडसोबत पाठाची तयारी आणि समोर उभं राहून डेमो कसा द्यायचा हे पण करून घेतात, जे डिप्लोमात कोणी शिकवत नाही. मुंबईत चुनाभट्टीला एनएसटीआय, म्हणजे हा कोर्स चालवणारी केंद्र सरकारची संस्था आहे, तिथं जाऊन एकदा बघून या. पण त्याआधी एक वर्ष साइटवर घाला, नाहीतर वरच्या काकांसारखे काका तुम्हाला पहिल्याच आठवड्यात घरी पाठवतील.