टेम्पो नको, ताणकाटा घे

प्रिय पोरी,

तुझा निरोप वाचला. लग्नाच्या हॉलमधलं उरलेलं जेवण गोळा करून जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर पोचवायचं म्हणतेस. टेम्पो ठरलाय, मित्रमंडळी तयार आहेत. तुझ्या उत्साहावर विरजण घालायचं नाही, पण ठाण्याहून निघालेला पुलाव मोखाड्याला पोचेपर्यंत आंबतो, एवढं आधीच सांगून टाकते.

मीही अशीच सुरुवात केली होती. एका पावसाळ्यात आम्ही कातकरी पाड्यावर तांदळाच्या पिशव्या वाटल्या, फोटो काढले, खुशीत परतलो. पुढच्या महिन्यात गेले तर बायका सांगू लागल्या, रेशन दुकानदारानं पाच किलो कमी दिले. का, तर "तुम्हाला संस्थेनं दिलंय ना!" आमच्या पिशव्या त्यानं त्यांच्या हक्कातून वळत्या करून घेतल्या होत्या. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

इथल्या भुकेला महिने असतात. दिवाळीनंतर लोक उचल घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. मग आषाढ-श्रावणात कणगी रिकामी, नागली-वरई अजून शेतात. तेव्हा कडूकंद उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा काढतात आणि त्यावर दिवस ढकलतात. (शहरात हल्ली रानभाज्यांचे महोत्सव भरतात. त्यात कडूकंद कुणी मागितलेला मी तरी पाहिला नाही.) १९९२ साली जव्हारकडच्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं गेली, तेव्हाही सरकारी गोदामं रिकामी नव्हती.

म्हणून आधी रेशन कार्ड वाचायला शीक. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य आहे. सगळ्यात गरीब घरांसाठीच्या अंत्योदय कार्डावर मात्र कुटुंबाला ३५ किलो, माणसं कितीही असोत. कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींना अंत्योदय द्या, असं सुप्रीम कोर्टानं २००३ मध्येच सांगितलं. ते मिळवून दिलं की आपलं काम झालं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग एका घरी नऊ माणसं मोजली. पस्तीस भागिले नऊ, माणशी चार किलोसुद्धा नाही! प्राधान्य कार्डावर त्याच घराला पंचेचाळीस मिळाले असते. दोन लग्न झालेले मुलगे, दोघांच्या चुली वेगळ्या, कार्ड मात्र बापाचं एकच. त्यांची कार्डं वेगळी करायला तहसीलच्या पुरवठा शाखेत किती खेपा घातल्या, ते आता आठवतही नाही. तेव्हा घरात शिरलीस की चुली मोज.

दुकानावर वाटपाच्या दिवशी नुसती बसून राहा. एक म्हातारी येईल. दगडमाती उपसून तिच्या बोटांच्या रेषा गेलेल्या असतात. ती अंगठा पदराला पुसते, मशीनवर ठेवते, नाही लागत. मग दुसरं बोट, तिसरं. दुकानदार म्हणतो, "आजी, उद्या या." तिचा पाडा डोंगरापलीकडे, एक दिवसाची मजुरी बुडालेली. अंगठा लागला नाही म्हणून कुणाला धान्य नाकारू नका, असं केंद्राचं २०१७ चं पत्र आहे. त्याची प्रत पिशवीत असू दे. ती दाखवताना आवाज चढवायचा नाही. दुकानदार गावातच राहतो, आपण संध्याकाळच्या एसटीनं परतणार असतो.

आमच्याकडे खरा फरक पाडला तो बायकांनी. त्यांनी वर्गणी काढून एक ताणकाटा घेतला. दुकानातून आलेली पोती पाड्याच्या तोंडाशी आंब्याला टांगून पुन्हा मोजायची आणि मशीनची पावती मागून वजन ताडायचं. पावतीवर ३५, काट्यावर ३१. तक्रार एकीच्या नावानं द्यायची नाही, बारा-पंधरा अंगठे एकाच कागदावर, आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलायचं नाही. दोन महिन्यांत वजन सरळ झालं. धान्य मिळालंच नाही तर सरकारनं अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा, असंही कायद्यात आहे. तो मागणारं माणूस क्वचितच भेटतं.

भट्टीवर जाणाऱ्यांना निघण्याआधी गाठ. कार्डाचा बारा अंकी नंबर आणि अंगठा यांवर भिवंडीच्या दुकानातही धान्य उचलता येतं आणि उरलेलं घरचे म्हातारे गावात घेऊ शकतात. तिथला दुकानदार "कोटा संपला" म्हणेल. तेव्हा भट्टीजवळ राहणारं शहरातलं कुणीतरी हवं असतं. तुझे टेम्पोवाले मित्र तिथे फार उपयोगी पडतील बघ.

आणि हो, २०२३ च्या जानेवारीपासून हे धान्य फुकट आहे. कुणी "हमालीचे" म्हणून पैसे घेत असेल तर वहीत तारीख टाकून लिहून ठेव.

पुढच्या वाटपाला ये. आदल्या रात्री माझ्याकडेच उतर, नागलीची भाकरी चालत असेल तर. ताणकाटा मी देते. हूक जरा वाकलाय, पण वजन बरोबर दाखवतो.

तुझी,
ताई