घरी बांधलेल्या टेलड्रॅगर विमानाचे ब्रेक आणि शेपटीचं चाक बदलताना काय बघावं?

तुमच्या दोन आसनी टेलड्रॅगरचे (पुढे दोन चाकं आणि शेपटीखाली एक असलेल्या विमानाचे) केबलवाले ड्रम ब्रेक धरत नाहीत, उतरल्यावर शेपटीचं चाक जोरात फडफडतं आणि दोन्ही एकदमच बदलायचं आहे, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत आहे की आधी शेपटीचं चाक घ्या. ते दिशा धरत नसेल तर पायलट सारखा ब्रेक दाबून विमान सरळ ठेवतो, आणि मग चांगले ब्रेकही अपुरे वाटतात.

नवं चाक मागवण्याआधी पाटे, म्हणजे ते चाक धरणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, तपासा. विमान सपाट फरशीवर, नेहमीच्या वजनासह उभं करा आणि बाजूने किंगपिनला (ज्या उभ्या खिळीवर शेपटीचं चाक वळतं तिला) ओळंबा लावा. किंगपिन ओळंब्यात हवी, किंवा वरचं टोक किंचित मागे कललेलं चालेल. पाटे बसले की ते टोक पुढे झुकतं. मग स्कॉट कंपनीचं चाक बसवा नाहीतर मौलचं, फडफड थांबत नाही. पाटे बदलणं हाच खरा इलाज. त्यानंतर चाक उचलून हाताने हलवा आणि बुशमधली ढिलाई काढा. रडर मध्यावर असताना स्टिअरिंगच्या साखळ्या लोंबकळू नयेत, पण ताणलेल्याही नकोत.

नवं चाक जड असेल तर हिशेब पुन्हा करा. 450 किलोच्या विमानात गुरुत्वमध्यापासून 4 मीटर मागे दीड किलो वाढलं, तर मध्य सुमारे 13 मिलिमीटर मागे सरकतो. लहान विमानात हे थोडं नाही. मंजूर ड्रॉइंगपेक्षा वेगळं काही बसवणार असाल तर काम सुरू करण्याआधी डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) कागद बघा.

आता ब्रेक. केबलच्या ड्रमऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक बसवायचे असं धरू. टेलड्रॅगरला गरजेपेक्षा ताकदवान ब्रेक म्हणजे नाकावर आपटण्याचं निमंत्रण, म्हणून मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर तेल ढकलणाऱ्या सिलिंडरचा) बोअर, म्हणजे आतला व्यास, विचार करून निवडा. पायाचा जोर 20 किलो आणि लिव्हर 2:1 धरला, तर 5/8 इंच बोअरच्या मास्टर सिलिंडरमधून साधारण 20 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब मिळतो. अर्ध्या इंचाच्या बोअरला तोच जोर सुमारे 32 देतो, पण पेडल दीडपटीहून जास्त दाबावं लागतं. आधी मोठा बोअर लावून बघा.

सर्वात जास्त घोळ तेलात होतो. विमानाचं लाल 5606 खनिज तेल असेल तर सील नायट्राइल रबराचे लागतात आणि गाडीच्या डॉट 3 किंवा 4 ब्रेक तेलाला ईपीडीएम रबराचे. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरच्या दुकानांत दोन्ही काळेच मिळतात आणि मापही तेच, त्यामुळे दुकानदाराला मटेरियल विचारून, पाकिटावर लिहून घ्या. खनिज तेलात ईपीडीएम फुगतं, पिस्टन मागे येत नाही आणि ब्रेक चिकटून राहतो. शिवाय डॉटचं तेल हवेतला ओलावा ओढतं. मुंबईच्या पावसाळ्यात हे फार जाणवतं, त्यामुळे माझी पसंती खनिज तेलालाच.

कॅलिपरजवळ (डिस्कला चिमटणाऱ्या भागाजवळ) प्लास्टिकची नळी नको, ती तापून मऊ पडते. स्टीलची जाळी असलेला होज लावा. तेल कॅलिपरच्या खालच्या निपलमधून दाबाने वर रिझर्व्हॉयरकडे (तेलाच्या टाकीकडे) ढकला, कारण बुडबुडे स्वतःच वर जातात. पेडल स्पंजसारखं लागलं तर हवा राहिली समजा.

खाऱ्या हवेत कॅलिपरच्या गाइड पिना गंजतात आणि एकाच बाजूची लायनिंग (डिस्कवर घासणारं अस्तर) झिजते. पिना साफ करून कोरडं ल्युब्रिकंट लावा, ग्रीस नको, त्यावर धूळ बसते. विमान उघड्यावर राहत असेल तर क्रोमची डिस्क घ्या. क्लीव्हलँड कंपनीची ऑरगॅनिक लायनिंग 2.5 मिलिमीटरवर आली की बदला.

नवी ऑरगॅनिक लायनिंग मुरवावी लागते. 1700 आरपीएमवर सुमारे 450 मीटर टॅक्सी करा आणि ब्रेकने वेग ताशी 8 ते 16 किलोमीटर ठेवा. मग 10-15 मिनिटं थंड होऊ द्या. त्यानंतर काठी (कंट्रोल स्टिक) पूर्ण मागे घेऊन हळूहळू थ्रॉटल वाढवा आणि विमान जागेवर धरलं जातंय का ते बघा. सरकलं तर हीच क्रिया पुन्हा करा.