वाचकांचे प्रश्न : गारपीट कोणाच्या स्वातंत्र्याचं फळ?

प्रश्न : देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं म्हणून जगात दुष्टाई आहे, असं आमचे पाळक सांगतात. खून-चोरीपुरतं पटतं. पण निफाडकडे तोडणीला आलेली द्राक्षबाग गारांनी झोडपली, तर त्यात कोणाचं स्वातंत्र्य?
– एक वाचक, नाशिक रोड

तुमची शंका रास्त आहे. पाळकांचं उत्तर चूक नाही, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं आहे. देव सर्वसमर्थ आहे, देव पूर्ण चांगला आहे आणि तरी दुष्टाई आहे, ही तीन विधानं एकत्र खरी असूच शकत नाहीत, असा पेच जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने १९५५ साली टाकला. अल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ मध्ये तो असा सोडवला : निवड खरोखर माणसाची असेल, तर तो काय निवडेल हे देव ठरवून देऊ शकत नाही. ठरवून दिलं की ती निवड राहत नाही. मग ‘माणसं स्वतंत्र, पण पाप एकही नाही’ असं जग घडवणं एकट्या देवाच्या हाती नसेल, अशी शक्यता उरते. तेवढ्याने तर्कातला विरोध मिटतो. मात्र प्लँटिंगा शक्यतेवरच थांबतात. देवाने दुष्टाई याच कारणाने राहू दिली, असं ते म्हणत नाहीत. प्रवचनात नेमकं हेच गळतं आणि बचावाचा मुद्दा खुलासा म्हणून विकला जातो.

गारपिटीपाशी हा मुद्दा लंगडतो. पतित देवदूतांच्या, म्हणजे देवाविरुद्ध बंड केलेल्या देवदूतांच्या, स्वातंत्र्यामुळे नैसर्गिक संकटं येत असतील, हीसुद्धा प्लँटिंगांच्या मते शक्यता आहेच. तर्काला ती पुरते, बागायतदाराला पुरणार नाही. त्यापेक्षा नियमबद्ध सृष्टीचा युक्तिवाद दमदार आहे. तापलेली दमट हवा जोराने वर चढते, थेंबांना गोठणाऱ्या थरात नेते, तिथे बर्फाचे थर चढून गार तयार होते. हवेचं हेच वर चढणं वळवाचा पाऊसही देतं. नियम दर वेळी माणूस पाहून वाकले, तर पेरणी कशाच्या भरवशावर करायची आणि आपल्या कृतीचा परिणाम आधी ओळखायचा कसा? पण यातून गारा का असतात एवढंच कळतं. त्या तुमच्याच बागेवर का पडल्या, हे कळत नाही.

तत्त्वज्ञ जॉन हिक यांनी १९६६ साली दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या ख्रिस्ती धर्मगुरूचा धागा उचलून, संकटांतून माणूस घडतो असं मांडलं. त्यावर विल्यम रो यांचं १९७९ मधलं उदाहरण अडून बसतं : रानातल्या वणव्यात होरपळलेलं हरणाचं पाडस कित्येक दिवस तडफडून मरतं, कोणी पाहिलेलंही नसतं. कोण घडलं यातून? याचं समाधानकारक उत्तर माझ्या मते हिक यांच्याकडे नाही.

आणि हो, ‘तुमच्या पापामुळे गारा पडल्या’ असं कोणी म्हणालंच, तर बायबलमधलं लूक १३:४-५ दाखवा. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा जास्त अपराधी होते का, या प्रश्नाला येशूने स्पष्ट ‘नाही’ म्हटलं आहे.

प्रश्न : मी काय करणार हे देवाला आधीच ठाऊक असेल, तर माझं स्वातंत्र्य नावापुरतंच ना?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पंचवटी

यावर आपल्याकडे पंचांगाचा दाखला ठरलेला : पंचांगात ग्रहण छापलं म्हणून ग्रहण लागत नाही. जाणणं म्हणजे घडवणं नव्हे, इथवर दाखला ठीक. पुढे तो अंगाशी येतो. पंचांगकर्त्याला ग्रहण कळतं ते चंद्र-सूर्याची गती बांधलेली आहे म्हणून. माणूसही तसाच बांधलेला आहे, असं तर आपल्याला म्हणायचं नाही! सहाव्या शतकात बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाने वेगळी वाट काढली. देव काळाच्या आत बसून पुढचं पाहत नाही, त्याच्यापुढे सगळे काळ एकदमच उघडे आहेत. तुम्हाला समोर चालताना पाहणारा तुम्हाला चालवत नसतो, तसंच हे. ‘आधीच ठाऊक’ मधला ‘आधी’ इथे निघून जातो.

मात्र ख्रिस्ती परंपरेत सगळे एकसारखं स्वातंत्र्य मानत नाहीत. १५२४ मध्ये इरॅस्मस या विद्वानाने स्वेच्छेची बाजू मांडली, तर पुढच्याच वर्षी धर्मसुधारक ल्यूथरने तारणाच्या बाबतीत माणसाची इच्छा गुलाम आहे असं बजावलं. प्राचीन ख्रिस्ती धर्मगुरू ऑगस्टीनच्या मते तर स्वर्गात माणूस पाप करूच शकणार नाही आणि तेच मोठं स्वातंत्र्य. तेव्हा वाद घालण्याआधी समोरचा कोणत्या अर्थाने शब्द वापरतोय ते विचारून घ्या, निम्मं भांडण तिथेच मिटतं.

प्रश्न : मुलीला जन्मतः ऐकू येत नाही. शेजारी म्हणतात गेल्या जन्मीचं, मंडळीतले म्हणतात आईबापांचं पाप. खरं काय?
– एक आई, देवळाली कॅम्प

ख्रिस्ती शिकवणुकीप्रमाणे दोन्ही नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं होतं. त्याने नाही आणि त्याच्या आईबापांनीही नाही, हे येशूचं उत्तर योहान ९:३ मध्ये आहे. बापाचा अन्याय मुलाच्या माथी बसत नाही, हे यहेज्केल १८:२० मध्ये. आदिपापाचा, म्हणजे आदामापासून साऱ्या माणसांत आलेल्या पापाचा, आधार कोणी घेतला, तर ते सगळ्यांना सारखंच लागू आहे. मग एकाच लेकराच्या कानांचं कारण ते कसं ठरेल?

प्रश्न : दुःख झालेल्या घरी सांत्वनाला जाताना यातलं काय सांगावं?
– प्रार्थना गटाचे सदस्य, सिडको

यातलं काहीही नाही. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात निर्दोष ईयोबावर संकटं कोसळतात. त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं बरं चाललं होतं. मग त्यांनी कारणं सांगायला सुरुवात केली. शेवटी ४२:७ मध्ये देवाने रागावून म्हटलं ते त्यांनाच : माझ्याविषयी तुम्ही ईयोबासारखं यथार्थ बोलला नाहीत. तक्रार तर ईयोबाने केली होती! पहिल्या अध्यायात सैतानाशी झालेलं बोलणंही देव त्याला कधी सांगत नाही. तेव्हा ‘देवाची योजना असेल’ हे वाक्य घरीच ठेवून जा, डबा न्या, दवाखान्याच्या कागदांना मदत करा. प्रार्थना म्हणायचीच, तर घरच्यांना विचारून स्तोत्र १३ वाचा. सहाच ओव्या आहेत आणि पहिलीच ‘किती वेळ, हे परमेश्वरा?’ असं विचारते.