आ फोच्या डब्यातले कागद

प्रश्न : माझ्या सासूबाई चिनी होत्या, हक्का समाजातल्या. माझी मुलं त्यांना ‘आ फो’ म्हणायची, म्हणजे आजी. २०२४ च्या श्रावणात त्या गेल्या. लहानपणी आईबरोबर जहाजाने कलकत्त्याला आल्या, तिथेच लग्न झालं, आणि १९७४ मध्ये सासऱ्यांबरोबर मडगावला आल्या. सासरे जोडे शिवायचे, सासूबाईंनी पार्लर काढलं. मी चौथीत असताना आई मला त्यांच्याकडेच केस कापायला घेऊन गेली होती. “तकली सकयल” एवढंच म्हणून मान वाकवायच्या. त्यांच्या बोटांना आल्याचा वास यायचा. लग्न होऊन त्याच घरात गेले तेव्हा तो वास ओळखीचा होता.

वर्षश्राद्धाला घरच्यापुरती एक पुस्तिका काढायची आहे आणि परसात त्यांच्या नावाची शिळा बसवायची आहे. (अस्थी झुआरीत सोडल्या, त्यामुळे दुसरी जागा नाही.) पण जन्मसालच नक्की होत नाही. सगळ्या कागदांवर १९४० आहे. त्या स्वतः म्हणायच्या, मी वाघाच्या वर्षातली, १९४८ मध्ये जहाजात बसले तेव्हा अकरा वर्षांची होते. लहानपणच्या फोटोमागे त्यांच्या आईने जन्माची नोंद लिहिली आहे. ती टोरांटोच्या दीरांनी वाचली, तर साल निघालं ‘२७’. नावाची स्पेलिंगही तीन. त्या आपलं गाव ‘मोयेन’ सांगायच्या, ते नकाशात सापडत नाही. आणि १९६२ च्या भारत-चीन युद्धाबद्दल माझा नवरा म्हणतो, आई कधी बोलली नाही, तर आपणही लिहू नये. त्यांच्या बिस्किटांच्या डब्यात मात्र पोलीस ठाण्याच्या शिक्क्यांच्या चिठ्ठ्या आहेत. काय करावं?
– एक सून, मडगाव

उत्तर : ताई, आधी सालाचं बघू. ते सुटतं, आणि सुटतं ते तुमच्या सासूबाईंच्याच शब्दांवरून.

चीनमधल्या जुन्या मोजणीत मूल जन्मतःच एक वर्षाचं धरतात आणि पुढचं वर्ष त्याला वाढदिवसाला लागत नाही, चांद्र नववर्षाला लागतं. त्या हिशेबाने १९४८ मध्ये अकरा वर्षांची मुलगी जन्मली १९३८ मध्ये. चिनी पंचांगात दर वर्षाला एका प्राण्याचं नाव असतं, आणि वाघाचं वर्षही १९३८ च. १९४० हे ड्रॅगनचं. आता तो ‘२७’. १९१२ मध्ये चीनमध्ये प्रजासत्ताक आलं आणि ते वर्ष पहिलं धरून साल मोजू लागले. आकड्यात १९११ मिळवायचे : २७ आणि १९११, झाले १९३८. आईने लिहिलेलं, सासूबाईंनी सांगितलेलं आणि पंचांगातला वाघ, तिन्ही एकाच सालावर येतात. सरकारी १९४० कुठल्या तरी टेबलावर कुणीतरी अंदाजाने टाकलेलं आहे.

शिळेवर १९३८ घाला, बिनधास्त. सरकारी कागद मात्र दुरुस्त करायला जाऊ नका. घर, बँक, वारसा सगळं १९४० वर उभं आहे, ते हलवून हाती काही लागणार नाही. पुस्तिकेत एक ओळ टाका की कागदांवर १९४० आहे आणि खरं साल असं कळलं. पुढे नातवंडांना दोन साल दिसली तर ती गोंधळणार नाहीत.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत मी तीस वर्षं काढली. खिडकीपलीकडची बाई नाव सांगते आणि अलीकडचा माणूस ऐकू येईल तसं लिहितो. मीही असंच लिहिलेलं आहे, आणि कितीदा चुकले असेन याची आज टोचणी लागते. चिनी नावाचं तर आणखी अवघड. एकच अक्षर हक्का माणूस ‘चिन’ वाचतो, कँटनचा ‘चान’ आणि बीजिंगचा ‘चेन’. म्हणून स्पेलिंगांत खरं कोणतं हे शोधत बसू नका. खरं नाव त्या अक्षरांतच आहे. फोटोमागे नाव असेलच. दीरांकडून ते मोठ्या अक्षरांत लिहून घ्या आणि दगडावर कोरणाऱ्याला तोच कागद द्या. खाली देवनागरीत त्या जसा उच्चार करायच्या तसा. आणि आडनाव त्यांच्या माहेरचं. आपल्याकडे लग्नात बाईचं नाव बदलतं, चिनी बाईचं माहेरचं आडनाव शेवटपर्यंत तिचंच राहतं.

मोयेन म्हणजे नकाशावरचं मेइशियन, दक्षिणेतल्या ग्वांगडोंग प्रांतातलं. कलकत्त्याच्या हक्का लोकांतल्या बहुतेकांचं मूळ तिथलं. कलकत्त्यातल्या टांगऱ्यात कातडी कमावण्याचे कारखाने त्यांनीच उभे केले, आणि जोड्यांचा धंदाही त्यांच्याच हातात होता. तुमचे सासरे त्याच धंद्यातले. चिनी पद्धतीत शिळेवर मूळ गाव लिहितातच, तेव्हा तेही घाला. गाड्यावरच्या नूडल्समुळे ‘हक्का’ हा शब्द पोराटोरांच्याही तोंडी आहे, त्याचा अर्थ मात्र थोड्यांना ठाऊक. हक्का म्हणजे पाहुणी घरं. शेकडो वर्षांपूर्वी उत्तरेकडून दक्षिणेत उतरलेली माणसं ही. तिथल्या मूळच्या लोकांनी त्यांना पाहुणे म्हटलं आणि नाव तेच राहिलं.

आता १९६२. युद्ध २० ऑक्टोबरला पेटलं, २१ नोव्हेंबरला थांबलं. त्याच सुमारास शिलाँग, माकुम, दार्जिलिंग अशा गावांतल्या चिनी वंशाच्या माणसांना उचलून आगगाडीने राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं. सुमारे ३,००० माणसं, त्यांत तान्ही मुलंही होती. काही जण तिथे काही वर्षं अडकले. बरेच १९६३ मध्ये चीनने पाठवलेल्या जहाजांतून निघून गेले, त्यांतल्या कितीकांनी तो देश कधी पाहिलाही नव्हता. जे आपापल्या घरी राहिले त्यांना पोलिसांत नोंद ठेवावी लागे, गाव सोडायचं तर परवानगी घ्यावी लागे. तुमच्या डब्यातल्या चिठ्ठ्या त्याच असणार.

तुमच्या यजमानांचं मला पटतं, पण अर्धंच. त्या जे बोलल्या नाहीत ते त्यांच्या तोंडी घालू नका. ‘आईला किती भीती वाटली असेल’ असलं एकही वाक्य नको. पण चिठ्ठ्या त्यांनी टाकून दिल्या नाहीत, ताई. कलकत्त्याहून मडगावला येताना बरोबर आणल्या, पन्नास वर्षं डब्यात ठेवल्या, आणि डबा कुठे आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ज्या बाईला काही पुसायचं असतं ती असं करत नाही. एका चिठ्ठीचा फोटो छापा. खाली तारीख, कुठून कुठे जायची परवानगी, किती दिवसांची, एवढंच. छापण्याआधी पान यजमानांच्या हाती द्या आणि त्यांना हवा तेवढा वेळ घेऊ द्या. आई त्यांची आहे.

माझ्या वडिलांचं पोर्तुगीज सेर्तिदांव, म्हणजे जन्माचा दाखला, आणि मराठी शाळेचा दाखला माझ्या आईने एकाच पिशवीत ठेवले होते. दोन्हींवर जन्मतारीख वेगळी. १९ डिसेंबर १९६१ ला इथलं राज्य बदललं, तेव्हा कुठला कागद उद्या लागेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून तुमच्या पत्रात डबा आला तिथे मी थांबले आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

पत्राच्या मागे तुम्ही बारीक अक्षरांत लिहिलंय की सासूबाई चोणक मासा रव्यात घोळून तळायच्या नाहीत, आख्खा वाफवायच्या, वर आल्याच्या काड्या आणि कांद्याची पात घालून कडकडीत तेल ओतायच्या. आणि उन्हाळ्यात मुळ्याचा पाला मिठात चोळून गच्चीवर वाळवायच्या, कारण मोहरीची पानं इथल्या बाजारात मिळायची नाहीत. हे मागे का टाकलंत? पुस्तिकेचं पहिलं पान हेच. ताट केवढं, तेल कधी ओतायचं, ओतताना आवाज कसा यायचा, सगळं लिहा. तुम्ही सून, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. मुलांकडूनही एकेक पान घ्या, त्यांच्याच शब्दांत, शुद्धलेखन न सुधारता.

विधींचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. चिनी लोकांचा पूर्वजांचा दिवस छिंगमिंग. तो ४ किंवा ५ एप्रिलला येतो. थडगी झाडून स्वच्छ करतात, उदबत्त्या लावतात, चहा आणि खाणं ठेवतात. तुमच्याकडे थडगं नाही, शिळा आहे, ती धुवा. भाद्रपदात घरी म्हाळ घालता तेव्हा त्यांचंही पान वाढा. दोन्ही करा. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

तुमच्या मुलीने शाळेच्या निबंधात आजी ८४ व्या वर्षी गेली असं लिहिलं, तेही कागदावरून. जन्मसाल १९३८ धरून आपल्या हिशेबाने ८६ होतात. आ फोच्या स्वतःच्या मोजणीने ८७. पुस्तिकेत ८७ लिहा.