वाचकांचे प्रश्न : आधारकार्डाचा फोटो पाहून संगणक खरे-खोटे सांगेल का?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत मी कर्ज विभाग पाहतो. आमच्या भागातील बरीच माणसे गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायानिमित्त परराज्यांत असतात, त्यामुळे जामीनदाराच्या आधारकार्डाचा फोटो बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवरच येतो. मध्यंतरी अशा एका फोटोतील जन्मवर्ष बदललेले निघाले, आणि ते लक्षात आले तेव्हा कर्जवाटप होऊन गेले होते. आता एक विक्रेता 'फोटो टाका, कागद अस्सल की बनावट ते टक्केवारीत कळेल' असे सॉफ्टवेअर घेऊन आला आहे. ते घ्यावे का, असे संचालक मंडळ मला विचारते आहे.
— एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : मंडळाला प्रथम एवढे सांगा की असे सॉफ्टवेअर फोटोत फेरफार झाल्याची शंका दाखवू शकते, कागद अस्सल असल्याची हमी ते देऊ शकत नाही. विक्रेते या दोन गोष्टींची सरमिसळ करतात, आणि टक्केवारीचा आकडा पुढे आला की आपणही त्याला भुलतो.

फेरफार ओळखण्याची रीत समजण्याजोगी आहे. जेपेग पद्धतीत फोटो साठवताना तो ८ × ८ ठिपक्यांच्या चौकोनांत विभागून दाबला जातो. जन्मवर्षाचा एखादा अंक दुसरीकडून आणून चिकटवला आणि फोटो पुन्हा साठवला, तर त्या जागेचे दाबले जाणे आणि उरलेल्या कार्डाचे दाबले जाणे यांत तफावत राहते, आणि ती सॉफ्टवेअरला दिसते. अडचण अशी की व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना तो सबंध नव्याने दाबते, तसेच तो कोणत्या उपकरणावर व केव्हा काढला याच्या नोंदीही काढून टाकते. म्हणजे आपल्याकडे येतो तो पुसट झालेला पुरावा. त्यावर सॉफ्टवेअर खोट्याला खरे म्हणेल, तसेच एखाद्या सरळ माणसाच्या कार्डावर विनाकारण शंकाही घेईल.

साध्या डोळ्यांनीही बरेच कळते. फोटो मोठा करून जन्मतारखेच्या आसपासची पार्श्वभूमी पाहा. सगळीकडे बारीक रवा असताना अंकांभोवतीच ती गुळगुळीत दिसली, तर तेथे हात फिरला आहे असे समजावे. मराठी नावाची शिरोरेषा मध्येच केसभर वरखाली झालेली असते. इंग्रजी नाव बदलणारा मराठी ओळ जुनीच ठेवून जातो, हाही नेहमीचा प्रकार. (आपल्या दोन लिप्यांचा असाही एक उपयोग!) आधार क्रमांकाचा शेवटचा, बारावा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने ठरतो, त्यामुळे मधला एकच अंक बदलला तर हिशेब जुळत नाही, पण आपल्या प्रकरणात क्रमांक तोच ठेवून वर्ष बदलले असल्यास ही चाचणी निरुपयोगी ठरते.

म्हणून भरवसा ठेवायचा तो क्यूआर कोडवर. त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता आणि छायाचित्र असते व त्यावर आधार प्राधिकरणाची डिजिटल स्वाक्षरी असते. कार्डावर छापलेले वर्ष कोणीही बदलू शकेल, परंतु कोडमधील वर्ष बदलले की स्वाक्षरी जुळत नाही. हा कोड प्राधिकरणाच्याच अ‍ॅपने वाचावा. साधा स्कॅनर स्वाक्षरी तपासत नाही. हा कोड फार दाट असल्याने व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोतून सहसा वाचता येत नाही, यासाठी जामीनदाराकडून फोटो न मागवता प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवलेली ई-आधारची मूळ पीडीएफ फाइल मागवावी. त्या फाइलवरही डिजिटल स्वाक्षरी असते, आणि क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतील अशी प्रतही तेथे मिळते.

आता एक फट उरते : दुसऱ्याचे अस्सल कार्ड जसेच्या तसे पाठवले तर स्वाक्षरीही जुळेल. तेव्हा व्हिडिओ कॉलवर जामीनदाराचा चेहरा कोडमधील छायाचित्राशी ताडून पाहावा. येथे कागदाची नाही, माणसाची पडताळणी आहे.

सॉफ्टवेअर घ्यायचेच ठरले, तर शंकास्पद फोटो बाजूला काढण्यापुरते घ्यावे, केवळ त्याच्या शेऱ्यावर कोणाचे कर्ज नाकारू नये, आणि सभासदांचे फोटो कोणाच्या सर्व्हरवर जाणार व किती दिवस राहणार हे विक्रेत्याकडून आधी लेखी घ्यावे.

प्रश्न : भाडेकरूने पॅनकार्डाची झेरॉक्स दिली आहे. ती घरच्या घरी तपासता येईल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : काही प्रमाणात. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथे अक्षर 'पी' आणि पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. ते जुळत नसेल तर मूळ कार्ड दाखवायला सांगा; जुळले तरी आयकर विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर पॅन, नाव आणि जन्मतारीख भरून भाडेकरूच्या संमतीने खातरजमा करून घ्या.